रोमच्या सम्राटांची नाणी: वाचकांचे प्रश्न

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेल्या रोमन वस्तूंबद्दल आणि ग्रीक समुद्रदेव पोसायडनच्या त्या छोट्या कांस्यमूर्तीबद्दल गेल्या अंकात लिहिलं, त्यानंतर रोमन नाण्यांविषयी पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. एक विनंती मात्र आधी करते. नाण्याचा फोटो पाठवताना दोन्ही बाजू आणि कड दिसू द्या, वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा, व्यास मिलिमीटरमध्ये लिहा आणि नाणं कुठून, कसं हाती आलं तेही लिहा. वजनासाठी कुठल्याही सराफाकडे जा, तो दोन मिनिटांत करून देईल. नुसतं "खरं आहे का आणि किती येतील" असं विचारणाऱ्या पत्रांना मी उत्तर देत नाही. मी गुजरीतल्या सराफी पेढीवर वाढले, किंमत काढण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलं. पण या नाण्यांकडे त्या नजरेने पाहिलं की त्यांचं बाकी काहीच दिसत नाही.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात इतिहासात एम.ए. करतोय. नाण्यांच्या प्रदर्शनात परवाना असलेल्या विक्रेत्याकडून चांदीचं एक रोमन नाणं घेतलं. पाकिटावर 'अँटोनायनस पायस, इ.स. 138 ते 161' असं लिहिलंय. वजन 3.15 ग्रॅम, व्यास 19 मिलिमीटर. ओळख बरोबर आहे ना? आणि ओळखीच्या सराफाने कॅरेट मशीनवर ठेवलं तर चांदी 70 टक्के आली. मग ते कमअस्सल आहे का?

फोटो छान आलेत, त्यामुळे नाणं नीट वाचता आलं. ते अस्सल वाटतं, पण अँटोनायनस पायसचं नाही. ते कॅराकॅलाचं आहे, आणि ते नेमकं कोणत्या वर्षाचं हेही त्याच्यावरच लिहिलेलं आहे.

विक्रेत्याची गफलत कशी झाली ते कळतं. 'अँटोनायनस' हे नाव रोमच्या अनेक सम्राटांनी लावलं. अँटोनायनस पायस, त्याच्यानंतरचा मार्कस ऑरेलियस, पुढे कॅराकॅला, आणि त्याच्याही पुढे एलागाबलस. 'कॅराकॅला' तर टोपणनाव. तो घालायचा त्या लांब झग्यावरून पडलेलं, ते नाण्यावर कधीच नसतं. तेव्हा नुसतं पहिलं नाव वाचून थांबलं की घोटाळा होणारच.

आता नाणं हातात घ्या. मुद्रालेख राजाच्या मानेच्या डाव्या अंगाला खाली सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने डोक्यावरून फिरून समोर उतरतो. शब्दांत जागा सोडलेली नसते आणि जिथे आपण 'यू' वाचतो तिथे 'व्ही' कोरलेला असतो. तुमच्या नाण्यावर आधी अँटोनायनस, मग पायस, मग ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस, आणि शेवटी बी-आर-आय-टी. पायसच्या स्वतःच्या नाण्यांवर हा क्रम उलटा असतो. तिथे आधी ऑगस्टस आणि मग पायस. एवढ्या एका फरकावर पाकिटावरची ओळख बाद होते. शेवटची चार अक्षरं म्हणजे 'ब्रिटानिकस', ब्रिटनच्या मोहिमेनंतर घेतलेला किताब. तो कॅराकॅलाच्या नाण्यांवर इ.स. 210 पासून दिसतो आणि 213 मध्ये त्याची जागा जर्मनीच्या किताबाने घेतली.

म्हणजे तीनचार वर्षांवर आलो. आता नाणं उलटा. मागची आकृती झिजली आहे, ती सध्या सोडून द्या आणि कडेची अक्षरं पाहा. पी-एम, टी-आर-पी आणि पुढे रोमन चौदा, सी-ओ-एस आणि पुढे तीन, पी-पी. टी-आर-पी हा लोकाधिकाराचा हक्क, तो सम्राट दर वर्षी नव्याने घेत असे, म्हणून त्याच्यापुढचा आकडा हा जवळजवळ राज्यवर्षाचा आकडा असतो. कॅराकॅलाचा चौदावा म्हणजे 211. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सलपद. तिसरं त्याला 208 मध्ये मिळालं आणि चौथं 213 मध्ये, तेव्हा तेही जुळतं. आणि पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित. त्याचा बाप सेप्टिमियस सेव्हेरस जिवंत असेपर्यंत हे पद बापाकडे होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर मुलगा नुसता 'पोंटिफ' आहे. बाप 4 फेब्रुवारी 211 रोजी आजच्या इंग्लंडमधल्या यॉर्कला वारला, आणि त्यानंतरच मुलाच्या नाण्यावर पी-एम आलं. तेव्हा तुमचं नाणं फेब्रुवारी 211 नंतरचं आणि त्याच वर्षातलं आहे. या काही महिन्यांत राज्य दोघा भावांचं होतं. डिसेंबरात कॅराकॅलाने धाकट्या भावाला, गेटाला, मारवलं आणि त्याचं नाव शिलालेखांवरून खरवडून काढायला लावलं. तुमच्या नाण्यावरचा दाढीवाला चेहरा आहे तेविसाच्या आसपासच्या तरुणाचा. भुवयांमधली आठी अजून दिसते आहे.

हे असं वाचणं मला रोमन नाण्यांतला सगळ्यात मोठा आनंद वाटतो. आपल्याकडच्या प्राचीन राजांची वर्षं ठरवताना अभ्यासकांची दमछाक होते, आणि इथे चांदीच्या एवढ्याशा तुकड्यावर महिन्यांपर्यंत पोचता येतं. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात, तेव्हा पायसचं एखादं नाणंही याच पद्धतीने लावून पाहा.

चांदीचं म्हणाल तर सेव्हेरसने डिनॅरियसचा, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्याचा, कस इतका उतरवला होता की त्यात साधारण अर्धी चांदी आणि बाकी तांबं असे. मशीनने 70 दाखवली कारण ती वरचा पापुद्राच वाचते. टाकसाळीत ठसा मारण्याआधी चकतीवरचं तांबं आम्लाने खाऊन काढत, म्हणजे वर चांदी जास्त दिसे. पुढे जमिनीत तांबं आणखी निघून जातं. त्यामुळे अशा नाण्याचा खरा टंच कॅरेट मशीनवर कळत नाही, आणि टंचावरून ते कमअस्सलही ठरत नाही. उलट याच सम्राटाचं नाणं शुद्ध चांदीचं निघालं असतं तर मी साशंक झाले असते. आणि कृपा करून कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. सराफाचा हात सवयीने तिकडे जातो.

ओळख ताडून पाहायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' हा कोश फुकट आहे. सम्राट, धातू आणि दिसतात तेवढी अक्षरं टाकली की जुळणारी नाणी फोटोंसकट समोर येतात. त्यात मिळालेला क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहा, आणि विक्रेत्याची जुनी चिठ्ठीही आत राहू द्या. ओळख चुकीची असली तरी नाणं कुणाकडून आलं याचा तो पुरावा आहे.

प्रश्न : ताई, आमच्या आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ आहे. पुतळ्यांवर दोन उभी माणसं आणि मागे एक उभा देव आहे. त्यात एक नाणं मात्र जाड आहे, त्यावर एकाच माणसाचं डोकं, वर दोन भोकं पाडून ओवलेलं. वजन 7.81 ग्रॅम. मुलगा म्हणतो ही सगळी रोमन नाणी आहेत. सोनार म्हणतो मोडीत घाला. काय करू? (सांगली)

मोडीत घालू नका. नाणी रोमन नाहीत, पण माळ फार मोलाची आहे.

पातळ पुतळ्या म्हणजे व्हेनिसच्या डुकॅटचं रूप. व्हेनिसने सोन्याचा डुकॅट 1284 मध्ये पाडायला सुरुवात केली आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं चित्र जवळपास तेच राहिलं. एका बाजूला संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला लांबट वर्तुळात ताऱ्यांमध्ये उभा येशू. हा डुकॅट व्यापारात आपल्या किनाऱ्यावर आला, सोनं चोख म्हणून लोकांनी तो धरून ठेवला आणि दागिन्यात घातला. पुढे आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या. मूळ डुकॅट साडेतीन ग्रॅमचा असतो. तुमची एकेक पुतळी सुटी वजन करता आली तर पाहा. त्याहून बरीच हलकी असेल, अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या असतील आणि गुडघे टेकलेला माणूस उभा राहिलेला असेल, तर ती इथली. तुम्ही 'दोन उभी माणसं' लिहिलंत, त्यावरून बहुतेक इथल्याच असाव्यात. इथल्या आहेत म्हणून कमी आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. कुणा मराठी सोनाराने परक्या देशाचा संत बघून बघून कोरला, हे मला मूळ डुकॅटइतकंच बघण्यासारखं वाटतं.

जाड नाणं गिन्नी आहे, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. कडेच्या फोटोत बारीक उभ्या रेघा स्पष्ट दिसतात. रोमन नाणं हातोड्याने पाडलेलं, त्याची कड ओबडधोबड असते, कधी फाटलेली असते, त्यावर अशा रेघा कधीच नसतात. वजनाने मात्र फसायला होतं. गिन्नी 7.98 ग्रॅमची असते आणि झीज आणि भोकं धरून तुमची 7.81 भरते. रोमन सोन्याचं नाणं, ऑरेयस, ऑगस्टसच्या काळात 7.8 च्या आसपास आणि नीरोने उतरवल्यावर सव्वासातच्या आसपास. मुलाने वजन पाहिलं असेल तर त्याला वाटणं साहजिक आहे. पण गिन्नी 22 मिलिमीटर रुंद, तर ऑरेयस साधारण 19 ते 20 चा आणि अंगाने जाड.

दोन भोकांबद्दल मुलगा कुठेतरी वाचून आला असणार, कारण भारतात मिळालेल्या कित्येक ऑरेयसांना आणि त्यांच्या भारतीय नकलांना सम्राटाच्या डोक्यावर अशीच दोन भोकं असतात. दोन भोकांमुळे नाणं गळ्यात फिरत नाही, चेहरा सरळ पुढे राहतो. इ.स.च्या पहिल्या शतकांत इथे ही पद्धत होती आणि तुमच्या आजेसासूबाईंच्या सोनारानेही तेच केलं.

प्रश्न : तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईला सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांचे फोटो पाहिले. सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव का? आणि भारतात ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी इतकी का सापडतात? (नागपूर)

पुदुकोट्टईचा ठेवा 1898 मध्ये सापडला, 501 ऑरेयस. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर घाव आहे. घाव का, यावर अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आत तांबं आणि वर सोन्याचा मुलामा आहे का ते तपासायला. दुसरा म्हणतो, हे नाणं आता नाणं नाही, नुसतं सोनं आहे, असं जाहीर करायला.

मी दुसऱ्या पक्षाची आहे, आणि कारण पेढीवरचं आहे. मुलाम्याचा संशय आला तर सराफ कडेला कानस मारतो, किंवा कोपऱ्यात एक टोचा मारतो. दागिना खराब होईल असं काही करत नाही, कारण तो पुन्हा विकायचा असतो. इथे घाव कडेला नाही. तो सरळ सम्राटाच्या डोक्यावर किंवा मानेवर आहे, आणि नाण्यामागून नाण्यावर तसाच. तपासायचंच होतं तर मागच्या बाजूच्या देवतेवर का नाही? हे काम ठरवून, एका हुकमाखाली झालेलं दिसतं. परक्या राजाचं तोंड आमच्या राज्यात चालणार नाही, सोनं चालेल. चांदीच्या डिनॅरियसवर मात्र चित्र वेगळं दिसतं. त्यांच्यावर बारीक ठशांच्या खुणा असतात, त्या मला तपासणीच्या किंवा सावकारी खुणा वाटतात. दोन्हींना एकच कारण लावू नये.

आता ऑगस्टस आणि टायबेरियस. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या ठेव्यात मुख्यतः याच दोघांचे डिनॅरियस आहेत, आणि दक्षिणेतल्या बऱ्याच ठेव्यांत तेच. त्यातही पुन्हा दोनच प्रकार फार. ऑगस्टसचं ते नाणं, ज्याच्या मागे त्याने दत्तक घेतलेले त्याचे नातू गायस आणि लुशियस ढालींवर हात ठेवून उभे आहेत. आणि टायबेरियसचं ते, ज्याच्या मागे खुर्चीवर बसलेली स्त्री आहे. दोन्ही प्रकार आजच्या फ्रान्समधल्या लायनच्या टाकसाळीचे. एकट्या ऑगस्टसची डझनावारी चित्रं चालू असताना इथे दोनच का आली? निवडून आणली म्हणून. इथल्या व्यापाऱ्याला ही दोन तोंडपाठ झाली होती, कस माहीत होता आणि तिसरं चित्र दिसलं की तो तराजू काढत असणार. आमच्याकडेही लोक विशिष्ट छापाचीच गिन्नी मागत, बाकीच्या सोन्यातही तितक्याच असल्या तरी.

पुढे इ.स. 64 मध्ये नीरोने डिनॅरियसचं वजन आणि कस दोन्ही उतरवले. त्यानंतरची चांदी भारतात फार कमी सापडते, सोनं येत राहतं. इथल्या लोकांनी नवी चांदी नाकारली याची याहून चांगली साक्ष मला माहीत नाही. किती धन येत होतं त्याबद्दल रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की भारत दर वर्षी रोमचे 5 कोटी सेस्टर्स ओढून घेतो. चार सेस्टर्सचा एक डिनॅरियस आणि पंचवीस डिनॅरियसचा एक ऑरेयस, म्हणजे 5 लाख ऑरेयस. आकडा तंतोतंत धरू नये, प्लिनी तक्रारीच्या सुरात लिहितोय. पण 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक सागरी प्रवासग्रंथातही भडोचच्या बंदराबद्दल स्पष्ट नोंद आहे की रोमन सोन्याचांदीची नाणी तिथल्या नाण्यांशी बदलली की नफा होतो. त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण, चौल, पैठण आणि तेर ही आपली गावं येतात.

जाता जाता एक. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात 70,000 कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) म्हणजे 2,000 सुवर्ण असा हिशेब कोरलेला आहे, म्हणजे एका सुवर्णाला 35 कार्षापण. हे 'सुवर्ण' म्हणजे रोमन ऑरेयस असावेत असं काही अभ्यासकांचं मत आहे. नाशिकला गेलात तर तो लेख डोळ्यांनी बघून या.

प्रश्न : ताई, आमचं शेत तेरजवळ आहे. नांगरटीत मातीची भाजलेली गोल टिकली मिळाली, त्यावर माणसाचं डोकं आणि वर ओवायला कडी आहे. रोमन नाणं म्हणावं का? धुऊन काढू का? (धाराशिव जिल्हा)

धुऊ नका, घासू नका, आहे त्या मातीसकट कागदाच्या पुडीत ठेवा.

हे नाणं नाही, नाण्यावरून केलेलं पदक आहे. तेर, कोल्हापूर आणि तेलंगणातलं कोंडापूर इथे अशी मिळाली आहेत. रोमन नाणं मातीत दाबून साचा करायचा, त्यातून टिकली काढायची, भाजायची आणि गळ्यात घालायची. वर सोन्याचा वर्ख लावत असावेत असा तर्क आहे. काही टिकल्यांवर टायबेरियसच्या नाण्याचा ठसा ओळखता येतो. ज्याला सोन्याचं परवडत नव्हतं त्याच्या गळ्यातही रोमचा सम्राट होता, सातवाहनांच्या राज्यात! म्हणून ही टिकली मला सोन्याच्या नाण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

पण तिचं सगळं मोल ती कुठे मिळाली यात आहे. आजच शेताचा गट क्रमांक, बांधापासून अंतर, अंदाजे खोली, आणि आजूबाजूला खापरं किंवा विटा होत्या का, हे कागदावर लिहा. जमिनीत मिळालेल्या अशा वस्तूची लेखी खबर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. तहसील कार्यालयातून अर्ज पुढे जातो, पोच घ्या. तेरमध्येच रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे, तिथे अशाच वस्तू मांडलेल्या आहेत. आधी एकदा जाऊन बघा, तुमची टिकली कोणत्या घरातली ते कळेल. कुणी व्यापारी दारात आला तर देऊ नका. एकदा ती तुमच्या शेतापासून तुटली की कुठल्याही कपाटातली मातीची टिकली होऊन जाईल.

प्रश्न : लंडनला राहणाऱ्या मुलाने बिलासकट घेतलेली तांब्याची छोटी रोमन नाणी भेट म्हणून आणली. एकावर लांडगी आणि दोन बाळं आहेत, खाली टी-आर-एस. काहींवर पावसाळ्यात पोपटी भुकटी धरली. चिंच लावू का? (रत्नागिरी)

चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही नको. पोपटी भुकटी हा कांस्यरोग आहे. धातूत अडकलेले क्लोराइड हवेतल्या दमटपणाशी मिळून नाणं आतून खात जातात. गडद हिरवा, टणक, गुळगुळीत थर वेगळा, तो चांगला असतो आणि नाण्याचं रक्षण करतो. भुकटी नखाने सुटते, थर सुटत नाही. भुकटी आलेली नाणी आधी वेगळी काढा. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवा, पाणी वरचेवर बदला, मग पूर्ण सुकवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. कोकणातल्या हवेत या पुड्या लवकर ओल धरतात, त्या बदलत राहा. भुकटी परत आली तर संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाकडेच द्या. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांतून सगळी नाणी आजच काढा. त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि हिरवा चिकटा येतो.

लांडगीचं नाणं कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, इ.स. 330 पासून पुढच्या काही वर्षांतलं. मे 330 मध्ये त्याने कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी उद्घाटित केली आणि दोन नाणी जोडीने काढली. एकावर शिरस्त्राण घातलेली रोमनगरी आणि मागे रोम्युलस-रीमसला पाजणारी लांडगी, दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता. तुमच्या पिशवीत जोडीचं दुसरं आहे का बघा. लांडगीच्या वर दोन तारे असतात, तेही शोधा. खालची टी-आर ही दोन अक्षरं आजच्या जर्मनीतल्या ट्रिअर टाकसाळीची आणि एस म्हणजे तिथला दुसरा कारखाना. इथे एक सावधगिरी सांगते. टी-आर-पी ही अक्षरं खाली रेघेच्या तळाशी असली तर ट्रिअरचा पहिला कारखाना, आणि कडेने मुद्रालेखात असली तर वर पुण्याच्या वाचकाला सांगितला तो लोकाधिकार. जागा बघितल्याशिवाय अक्षरं लावू नका.

नाणी परदेशातून आली आहेत, तेव्हा मुलाकडचं बिल जपून ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. पुढच्या खेपेला सहज बॅगेत टाकून परत नेऊ नका.

प्रश्न : ऑनलाइन 'ज्युलियस सीझरचं सोन्याचं नाणं' अगदी थोडक्यात मिळतंय. घेऊ का? (ठाणे)

नको. फोटोत कडेवर फिरणारी शिवण दिसते आहे, म्हणजे दोन साच्यांत ओतलेलं. पृष्ठभागावर बारीक छिद्रं आहेत आणि अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल आहेत. अस्सल नाणं मुशीतून आलेल्या चकतीवर ठसा मारून पाडलेलं असतं, त्याच्या अक्षरांना धार असते आणि धातू कडेकडे ओढला गेल्याच्या रेषा दिसतात. त्याच विक्रेत्याकडे हेच नाणं अनेक आहेत, आणि सगळ्यांचा तोच कोपरा तसाच तुटलेला आहे. हाताने पाडलेली दोन नाणी अशी जुळत नाहीत.

हाती आलेल्या नाण्याचा संशय असेल तर घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. नाणं कोरडं तोला. मग दोऱ्याने पाण्यात बुडवून, तळाला न टेकवता तोला. कोरड्या वजनाला वजनातल्या घटीने भागा. चोख सोनं 19.3 च्या जवळ येतं, चांदी साडेदहा, तांबं नऊच्या खाली. ऑरेयस अठराच्या खाली आला तर बोलायलाच नको. सेव्हेरसनंतरच्या अर्ध्या चांदीच्या नाण्यांना मात्र ही तपासणी लावू नका. ती साडेनऊच्या आसपासच येतात आणि खोट्यापासून वेगळी काढता येत नाहीत.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत चांदीचं छोटं नाणं आहे, राजाचं डोकं आणि कडेला ग्रीक-रोमन वाटणारी अक्षरं. त्याच्यावर दुसराच छाप मारलाय, तीन कमानींची टेकडी. रोमन म्हणायचं का? (नाशिक)

रोमन नाही, घरचंच आहे. हे क्षहरात घराण्यातल्या राजा नहपानाचं नाणं. अक्षरं ग्रीक आहेत, पण नाव त्याचंच. वरचा छाप गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाला हरवल्यावर त्याने त्याची नाणी वितळवली नाहीत, त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैनीचं चिन्ह. तुमच्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची 13 हजारांवर नाणी सापडली, त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर हा छाप आहे. डोक्याची बाजू तिरप्या उजेडात धरा, टेकडीच्या खालून राजाचं नाक आणि जिवणी वर येते. नाणं आणि आजोबांच्या पेटीत त्याच्याबरोबर काही चिठ्ठ्या असतील तर त्या घेऊन अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत जा. जाण्याआधी घासू नका.